नालोंगोची सुई मेली

मासाका शहराकडच्या त्या गावात कासालिनाला नावानं कुणी हाक मारत नसे. जुळ्यांची आई म्हणून ती नालोंगो. हात असा हलका, की दवाखान्यातली नर्स दंडात खिळा ठोकते आणि नालोंगो टोचते तेव्हा डास चावल्यागत वाटतं, असं लोक म्हणत.

तिची सिरिंज बिस्किटाच्या डब्यात, धुतलेल्या फडक्यात असायची. एड्सनं घरंच्या घरं ओस पडायला लागली तेव्हा जाणत्यांनी सांगितलं होतं, परक्या सुईला अंग देऊ नका, आपली आपण घरात ठेवा. नालोंगोनं ठेवली. पण शेजाऱ्यानं मीठ मागितलं, विस्तव मागितला, सुई मागितली, तर नाही कसं म्हणायचं? चहाच्या आधणात एक बुचकळी मारली की झाली ती शुद्ध.

सून नामुद्दू सातव्या महिन्यात तापानं फणफणली. नालोंगोनं आधण ठेवलं, फळीवर हात घातला, तर डबा जागेवर नाही. इतक्यात शेजारचा सेबुलिमे तो घेऊन दारात.

"घे बाई तुझी लक्ष्मी. आमच्या म्हातारीला टोचली."

"तुझ्याकडं कशी आली ती? तू तर मागायला आला नव्हतास!"

"काल लुबेगाकडं व्हती. मी तिथनंच आणली."

लुबेगाची बायको वर्षापूर्वी वाळत वाळत गेली होती. आता लुबेगाही वाळत चालला होता. घोंगडीतनं नामुद्दूचा आवाज आला, "आत्याबाई, मागच्या खेपेला मला टोचली, ती कुणाच्या घरनं आली व्हती?"

नालोंगोला आठवेना. घरची म्हणायची, पण घरात ती कधी झोपलीच नव्हती. आधण उकळून उकळून आटलं.

"सेबुलिमे, सायकल काढ," ती म्हणाली.

दवाखान्यात नर्सनं डोळ्यांदेखत नवं पाकीट फाडलं, नामुद्दूचं रक्त घेतलं आणि तापाच्या गोळ्या दिल्या.

"टोचणार न्हाई? मग ह्ये कसलं औषध?"

"ताप सुईलाच भितो असं तुला त्यानंच सांगितलं का, नालोंगो?"

गोळ्यांनी ताप उतरला. रक्तातल्या एड्सच्या तपासणीचा निकाल मात्र यायचा होता. तोवर नालोंगो मटोकेची उकडलेली केळी ताटात तशीच सोडून उठायची. सून आणि पोटातलं पोर, दोघांना आपल्याच हलक्या हातानं काय दिलं असेल?

निकाल आला. रक्त निर्मळ होतं. नर्स म्हणाली, "बाळंतपण झालं की पुन्हा एकदा बघू."

घरी येऊन नालोंगो डब्यापुढं बसली. फेकावी, तर पोरं उचलणार. ठेवावी, तर लोक मागणार, आणि घरात असून नाही म्हटलं की जन्माचं वैर.

सकाळी तिनं झाडाच्या सालीचं कापड काढलं, मेलेल्या माणसाला गुंडाळतात तेच. डबा त्यात गुंडाळला, गावातल्या दोन गड्यांकडून केळीखाली कमरेएवढा खड्डा खणून घेतला आणि गावाला सांगावा धाडला: नालोंगोची सुई मेली.

गाव लोटलं. बायका तोंडाला फडकं लावून हसू दाबत होत्या.

"मयत आहे, तर माती दिल्याबिगर शेतात कुदळ लावायची न्हाई ना?" सेबुलिमे म्हणाला.

"तुला तसंबी निमित्तच पायजे असतं!" एक बाई म्हणाली.

"कशानं मेली गं?" दुसरीनं नालोंगोला विचारलं.

"लई घरं फिरून," नालोंगो म्हणाली. लुबेगा पुढं आला. मूठभर माती त्यानंच आधी टाकली. मग एकेकानं.

नामुद्दूला मुलगी झाली. पुन्हा तपासलं, रक्त तसंच निर्मळ.

बारशानंतर थोड्याच दिवसांत सेबुलिमे थंडीनं कुडकुडत दारात आला.

"नालोंगो, जरा तुझी ती..."

बोलता बोलता त्याची नजर केळीखालच्या उंचवट्याकडं गेली.

"काय रे, काय पायजे?"

"काय न्हाई," तो म्हणाला. "माती मीच दिली की तिला. चल, दवाखान्यापतुर सायकल धर माझी."

नालोंगोनं नात सुनेच्या मांडीवर दिली आणि हँडल धरलं.