मी निवडलेला प्रोसेसर

चोपन्नाव्या वर्षी माझी नोकरी गेली आणि त्यानंतर दोनच महिन्यांत मी स्वतःचा पहिला डेस्कटॉप घेतला. घेतला म्हणजे दुकानातून तयार खोका उचलून आणला असं नव्हे. प्रोसेसरपासून माऊसपर्यंत एकेक वस्तू मी निवडली आणि स्वतःच्या हाताने जोडली. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते.

मी मूळची कोल्हापूरच्या उद्यमनगरातली. वडील लेथवर टर्नर होते, त्यामुळे लोखंडाचा वास मला लहानपणापासून घरचा. लग्न होऊन चेन्नईला आले ती मैलापूरच्या एका तंजावरी मराठी घरात. तिथलं मराठी ऐकून पहिलं वर्षभर मला कोणीतरी बखर वाचून दाखवतंय असं वाटायचं, आणि माझं कोल्हापुरी ऐकून सासूबाईंना मी सतत भांडतेय असं वाटायचं. नवरा चार वर्षांपूर्वी गेला. आता घरात आम्ही दोघीच.

अंबत्तूरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये मी बावीस वर्षं डाय डिझाइन केले. डाय म्हणजे प्रेसखाली पत्रा दाबून गाडीचे सुटे भाग काढायचा पोलादी साचा. एकेका साच्यात शेकडो भाग असतात आणि ते सगळे कंप्युटरवर आधी एकत्र जुळवून बघावे लागतात. त्या जुळणीला आम्ही असेंब्ली म्हणतो. मालकांनी डिझाइनचं काम बाहेरून करून घ्यायचं ठरवलं आणि आमचा विभाग बंद केला. मी म्हटलं, मग ते बाहेरचं काम मलाच द्या.

मालक माणूस वाईट नाही. पण ते हसले. "मॅडम, आपली असेंब्ली घरच्या कंप्युटरवर उघडत नाही. आणि खरं सांगू का, हे आता तरुणांचं काम झालंय."

"उघडली तर?"

शेवटी त्यांनी एका डायचा कच्चा आराखडा, असेंब्लीसकट, मला चाचणी म्हणून दिला. आयुधपूजेनंतरच्या सोमवारी पूर्ण ड्रॉइंग हवीत, मंगळवारी पोलाद कापायला घेणार. जमलं तर पुढची कामं माझी, नाही जमलं तर पुन्हा विषय काढायचा नाही. नवऱ्याची पेन्शन होती, घर चाललं असतं. पण डिझायनर म्हणून मी संपले की नाही, हे त्या सोमवारी ठरणार होतं, आणि मला भीती वाटत होती.

ऑफिसात कंप्युटर कंपनीचा होता. तो बिघडला की कोणीतरी यायचं आणि दुरुस्त करायचं. आत काय आहे ते मी बावीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. आता वही घेऊन बसले. दोन आठवडे मी प्रोसेसरांबद्दल मिळेल ते वाचलं, व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिले. सुरुवातीला डोक्यावरून पाणी. नवीन प्रोसेसरची नावं म्हणजे आकडे, आकड्यांच्या पुढे अक्षरं, आणि एका अक्षराच्या फरकाने आतला ग्राफिक्सचा भाग असतो किंवा नसतो. प्रत्येक जाहिरातीत मात्र कोअर किती ते मोठ्या अक्षरांत.

कोअर म्हणजे काय ते मला टूलरूममुळे समजलं. नव्या प्रोसेसरांत दोन प्रकारचे कोअर असतात. थोडे मोठे, वेगवान. बाकीचे लहान, कमी वीज खाणारे. म्हणजे दोन-चार मुरलेले फिटर आणि हाताखाली बारा हेल्पर. माल उचलायचा असेल, एकाच तऱ्हेचे हजार तुकडे घासायचे असतील, तर हेल्पर जितके जास्त तितकं बरं. पण डाय जुळवताना पहिला भाग बसल्याशिवाय दुसरा बसत नाही. तिथे एकच फिटर काम करतो आणि बाकीचे बघत उभे राहतात. माझं सॉफ्टवेअर असेंब्ली उघडताना बहुतेक काम असंच एकामागून एक करतं. तेव्हा मला कोअर कमी चालतील, पण एकेकट्या कोअरचा वेग सगळ्यात जास्त हवा. हे ज्या दुपारी कळलं त्या दुपारी मी स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना, कंप्युटरचं सगळं काम हा प्रोसेसर कसं करतो ते अर्धा तास समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि रसममध्ये मीठ घालायचं राहिलंय म्हणून सांगितलं.

चिंताद्रीपेट स्टेशनला उतरून रिची स्ट्रीटवर गेले. गल्लीभर कंप्युटरची दुकानं, खोक्यांच्या राशी, मधून माणसांनी आडवं होऊन जायचं. दुकानदाराने मला बघून थेट विचारलं, "कोणासाठी, अम्मा? नातवाला?"

"माझ्यासाठी."

त्याने सगळ्यात जास्त कोअरचा प्रोसेसर पुढे ठेवला. मग एआयचं स्टिकर लावलेला एक. मग काचेचं कॅबिनेट, आत रंगीबेरंगी दिवे. मी म्हटलं, मला काम करायचंय, लग्नाचा कल्याण मंडप सजवायचा नाही. वही उघडली आणि यादी वाचली. हा प्रोसेसर. त्याच्याच सॉकेटचा मदरबोर्ड, मागच्या वर्षीचा नको, तो बसणार नाही. चौसष्ट जीबी रॅम, दोन पट्ट्यांत, म्हणजे दोन्ही वाटांनी चालेल. जाळीचं कॅबिनेट, कारण चेन्नईच्या हवेत काच म्हणजे भट्टी. चांगला पॉवर सप्लाय, यूपीएस, आणि झगमग न करणारा मोठा मॉनिटर. माऊस मी आठ हाताळले. आमच्या कामात मधलं चाक दिवसभर दाबून धरावं लागतं आणि कडक चाकाने बोट दुखतं. दुकानदार म्हणाला, "अम्मा, प्रोसेसर चुकतोय तुमचा. याच पैशात दुप्पट कोअर मिळतात." मी म्हटलं, चुकला तर माझा चुकेल. तो प्रोसेसर त्याने अगदी नाइलाज झाल्यासारखा बिलात लिहिला.

सामान घरी आलं आयुधपूजेच्या आदल्या संध्याकाळी. तमिळनाडूत आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, सगळी हत्यारं, यंत्रं धुऊनपुसून, चंदनाचं गंध आणि कुंकू लावून पूजेला मांडतात, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावत नाहीत. पूजेच्या दिवशी सकाळी सासूबाई म्हणाल्या, आज काम नको. मी म्हटलं, हे अजून यंत्र कुठे झालंय, सुटे भाग आहेत, जोडते फक्त. त्यांना ते पटलं.

जेवणाच्या टेबलावर मदरबोर्ड ठेवला. प्रोसेसर सॉकेटमध्ये अलगद टेकवला आणि कडी दाबली. ती दाबताना करकर आवाज येतो, तरी दाबत राहायचं. प्रोसेसरवर धातूचं चकचकीत झाकण असतं. त्यावर उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टचा वाटाण्याएवढा ठिपका लावायचा आणि वर कूलर, म्हणजे धातूच्या पात्या आणि त्यांवरचा पंखा, कसायचा. माझी पेस्ट पांढरट रंगाची होती. ट्यूबचं टोपण काढलं आणि दारावरची बेल वाजली. यूपीएस घेऊन माणूस आला होता. सही केली, पेटी आत ओढून घेतली, परत आले. बरोबर मध्यभागी पांढरट ठिपका होता, वाटाण्याएवढा. लावला होता वाटतं, असं मनाशी म्हटलं आणि कूलर कसला. संध्याकाळी तो बंद डेस्कटॉप पूजेला मांडला, शेजारी माझी जुनी स्टीलची पट्टी आणि सासूबाईंची विळी.

विजयादशमीला सकाळी बटण दाबलं. चालू झाला! मी टाळ्या वाजवल्या, एकटीनेच. सॉफ्टवेअर चढवलं आणि दुपारी असेंब्ली उघडायला घेतली. निम्मी उघडली, पंखा किंचाळायला लागला, चित्र जागच्या जागी थिजलं आणि सगळं बंद पडलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये आकडा नव्याण्णववर जाऊन बसत होता. कॅबिनेटच्या बाजूचं झाकण काढलं, टेबलफॅन लावला. काही फरक नाही.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "मी सांगितलं होतं ना अम्मा. एकेका कोअरला इतकं पळवलं की तापणारच. सोमवारी आणा, दुसरा देतो." सोमवारी! फोन ठेवल्यावर मी वही उघडून सगळं पुन्हा वाचलं आणि पहिल्यांदाच वाटलं की आपलं चुकलं. मालक हसले ते बरोबर हसले, दुकानदार बोलला ते बरोबर बोलला. सासूबाईंनी कॉफी आणून ठेवली, तीही मी प्यायले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणावर राग काढावा ते न कळून, मी पंखा थांबल्या थांबल्या कूलरच्या धातूच्या पात्यांना बोट लावलं. गार. आत नव्याण्णव आणि वर गार! टूलरूममध्ये आम्ही हेच बघतो. कापणारं हत्यार लाल होतंय आणि त्याला धरणारा होल्डर थंड आहे, तर दोष हत्याराचा नसतो, बैठक नीट झालेली नसते. उष्णता वर पोचतच नव्हती. म्हणजे प्रोसेसरची निवड बरोबर होती. मी स्क्रू काढले आणि कूलर उचलला.

चंदनाचा वास आला. प्रोसेसरच्या झाकणावर वाळून तडकलेली पिवळट पापडी होती. मी ती नखाने खरवडली, हुंगली आणि ओरडले, "अहो आई!"

सासूबाई आल्या, वाकून पाहिलं आणि जराही न घाबरता म्हणाल्या, "ऐयो, ते मीच लाविलें. तूं बेल वाजली म्हणून गेलीस ना, तेव्हां."

"यावर? खोक्याला लावायचं ना!"

"तूंच बोललीस, काम अवघें हा करतो म्हणून. गाभारा सोडून गोपुराला गंध लावतात का ग कोणी? कुंकूं नाहीं लाविलें मी. पूड आंत सांडेल म्हणून."

मी त्या घरात इतक्या वर्षांत आवाज चढवला नव्हता इतका चढवला. कामाची वस्तू, परीक्षेचा दिवस, सोमवार, सगळं एका दमात बोलून टाकलं. त्या ऐकत राहिल्या. मग मला माझंच आठवलं. टोपण काढलेली ट्यूब भरलेली की दाबलेली, हे बघायला एक क्षण लागला असता. पण मी सगळं जाणते ना! ट्यूब उचलून पाहिली तर तिचं तोंडावरचं सीलही तसंच होतं. मी ती परत टेबलावर ठेवली. सासूबाईंनी पदराने माझ्या कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाल्या, "पोदुम. आतां पूस आणि नीट लाव." पोदुम म्हणजे पुरे झालं. मग आम्ही दोघीही हसलो, आणि त्यांना हसताना ठसका लागला.

झाकण स्वच्छ केलं, खरी पेस्ट लावली, कूलर कसला. असेंब्ली उघडली. सगळी. शेकडो भाग एकावेळी पडद्यावर आले आणि मी मधलं चाक दाबून आख्खा डाय गरागरा फिरवला. तापमान बाहत्तरच्या वर गेलं नाही. ऑफिसच्या यंत्रावर आम्ही तुकड्यातुकड्याने उघडायचो आणि जुळणी अंदाजाने ताडायचो. इथे मी आख्खा साचा बंद करून पाहिला आणि मला दिसलं की तो पुरता मिटायच्या आधीच एका बोल्टचं डोकं वरच्या प्लेटला टेकतंय. चूक मूळ आराखड्यातली होती, कोणाला दिसली नव्हती. मी जागा बदलली, ड्रॉइंग पुरी केली आणि सोमवारी सकाळी अंबत्तूरला गेले.

मालकांनी बोल्टची जागा तीनदा तपासली. फिटरला बोलावलं, त्यानेही मान हलवली. पोलाद तसंच कापलं असतं तर पहिल्याच ठोक्याला साचा फुटला असता. त्यांनी ड्रॉइंग परत टेबलावर पसरलं. मग विचारलं, "कंप्युटर कोणी बसवून दिला?"

"मी बसवला."

"प्रोसेसर कोणी सांगितला?"

"मी निवडला."

ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात सह्यांची चौकट असते. एक रकाना काढणाऱ्याचा, एक तपासणाऱ्याचा. बावीस वर्षं मी पहिल्यात सही केली आणि दुसऱ्यात कायम दुसऱ्याच कोणाची झाली, बरेचदा माझ्याहून वीस वर्षांनी लहान माणसाची. मालकांनी खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं आणि दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. मी सही केली. अक्षर जरा वाकडं आलं, पण मंगळवारी त्याच सहीवर पोलाद कापायला घेतलं.