पोरगी पडला

"पोरगी उन्हात पडला, साहेब," मी माईकवर म्हणाले आणि तलवाड्याचं अख्खं मैदान हसलं.

सगळ्यात मोठ्यानं हसला संस्थेचा अध्यक्ष. शाळा त्याची. मी त्या शाळेत गणिताची बाई. त्यानं माझ्या हातातला माईक ओढला. "ऐकलं का? पोरगी पडला! आन् ही शिकवती तुमच्या लेकरांला." परत हशा. माझ्यासोबतचे मास्तरही हसले.

माझे आई-बाप तेलंगणातून परळीला आले. औष्णिक वीज केंद्राच्या बांधकामावर सिमेंट वाहायला. मी तेव्हा पाचवीत. पत्र्याची खोली, घरात तेलुगू, घासलेल्या भांड्यांवर परत केंद्राची राख. मराठी शाळेत शिकले, डीएड केलं. पण जीव घाबरा झाला की आजही माझ्या तोंडात बाई-पुरुष उलटेपालटे होतात.

झालं होतं असं. मंत्री येणार म्हणून अध्यक्षानं पोरं सकाळपासून रस्त्याच्या कडेला उभी केली. हातात झेंडे. ऊन एप्रिलचं. मंत्री काही येईना. सातवीतली एक पोरगी चक्कर येऊन डांबरावर आपटली. हनुवटी फुटली. मी तिला उचललं आणि सगळी पोरं वर्गात नेली. गाड्या आल्या तेव्हा रस्ता रिकामा.

म्हणून दुसऱ्या दिवशी मला गावासमोर उभं केलं. माफी मागायला.

"ए बाई, राखंतून उचलून आणलंय तुला. तुझ्या बापाचं गाव हाय का हे? हात जोड."

हात वर आलेच होते माझे. तेवढ्यात खाली बायकांत त्या पोरीची आई दिसली. तीही हसत होती. तोंडाला पदर लावून. अध्यक्षाला भिऊन की खरोखरच, मला आजवर कळलं नाही. पण माझी भीती तिथंच मेली. आता कुणाचं मन राखायचं?

हात खाली घेतले. माईक लागला नाही.

"माफी मागत न्हाई. पोरगी पडला. तुमच्यामुळं पडला."

तसंच म्हणाले. मुद्दाम. या वेळी कुणी हसलं नाही.

नोकरी गेली. गेवराईत एका खोलीत शिकवण्या घेतल्या. ज्यांची पोरं शिकवली त्यांनीच मला जिल्हा परिषदेला उभं केलं. निवडून आले. मग एका पक्षाला लोकसभेला नवा चेहरा हवा होता. माझ्या बॅनरवर रात्रीतून डांबरानं 'बाहेरची' लिहिलं जायचं. तरी जिंकले. दिल्लीला गेले.

परवा पक्षाचा जिल्हाध्यक्ष घरी आला. चहा घेतला. म्हणाला, "ताई, गोदाकाठी वाळूवर बाहेरचे मजूर लई झालेत. त्यांला हाकला म्हणून सभेत तुमीच बोला. तुमच्या तोंडून शोभंल. तुमी आता आपल्यातल्याच की."

"आणि आधी कोण होते?"

"जुनं कशाला उकरताय? तिकिटाचे दिवस हायत."

"वाळू विकणारे कुठले? तेही बाहेरचे?"

त्यानं कप खाली ठेवला. "ते इथलेच. आपलीच माणसं. तिकडं नका जाऊ, ताई."

शाळेच्या त्या अध्यक्षानं मला शिवी दिली होती. यानं मान दिला. दोघांना माझ्याकडून हवं होतं ते एकच. मी हात जोडावेत.

उद्या गेवराईत सभा आहे. मी जाणार आहे. मजुरांना हाकला म्हणणार नाही. वाळू कोण उपसतं, कुणाच्या हायवा ट्रकांत भरून जाते, ते नावं घेऊन सांगणार. त्यात माझ्या पक्षाचीही नावं आहेत. तिकीट कापतील. कापू देत. अपक्ष उभी राहीन.

पाडायचं असेल तर बाहेरची म्हणूनच पाडा. आपल्यातली म्हणून मला निवडून यायचं नाही.