तांदूळ निवडताना ऐकलेली भाषणं

हे पहिल्यांदा नोकरीला लागले ते सरकारच्या माहिती कार्यालयात. मंत्री दौऱ्यावर यायचे असले की त्यांचं भाषण आणि पेपरला द्यायची बातमी ह्यांनी लिहायची. लिहून झालं की संध्याकाळी मला समोर बसवून वाचून दाखवायचे. माझी शाळा चौथीपर्यंतची. "तुला कळलं की सगळ्यांना कळलं," असं म्हणायचे.

मी लाजरी. कळलं का विचारलं की हो म्हणून मोकळी व्हायचे. ते ह्यांच्या लवकरच लक्षात आलं आणि त्यांनी विचारणं सोडलं. मी ताटात तांदूळ निवडत बसायचे आणि वाचता वाचता ह्यांची नजर माझ्या बोटांवर असायची. बोटं थांबली की ते वाक्य खोडून दुसरं लिहायचे. मला तोंड उघडावं लागायचं नाही. घरात दुसरं बोलणं फार नसायचं, पण ती वेळ माझी होती.

पुढे परीक्षा देऊन हे नगरपालिकेत अधिकारी झाले. पाणी येणार नाही, गटाराचं काम निघालंय, असल्या नोटिसाही आधी माझ्या ताटापुढे वाचल्या जायच्या.

मग वराळ्याजवळच्या एका कंपनीने मोठ्या पगारावर बोलावलं. तिथलं सगळं इंग्रजीत. हे घरी आले की दार लावून फोनवर बोलायचे. आम्ही वलवणला बंगला बांधला. आजूबाजूचे बंगले मुंबईवाल्यांचे, शनिवार-रविवारी नुसता धांगडधिंगा आणि सोमवारपासून कुलपं. दूधवाल्याशी दोन शब्द व्हायचे तेवढेच. तांदूळही पाकिटातला यायला लागला, त्यात खडा नसतो. तरी काही दिवस मी संध्याकाळी ताट घेऊन बसत होते. नंतर तेही सुटलं.

यंदा हे निवृत्त झाले. ह्यांचं गाव बेडसे. गावाने सत्कार ठरवला. कितीतरी वर्षांनी ह्यांनी मराठीत भाषण लिहायला घेतलं. मी मनातून इतकी खूश झाले की ताट पुसून ठेवलं.

संध्याकाळी ह्यांनी ओसरीवर कुंडीला टेकवून फोन उभा केला आणि त्याच्यापुढे वाचायला लागले. वाचायचं, मग फोनमधून स्वतःचंच ऐकायचं. मी ताटात तांदूळ ओतले आणि समोरच्या पायरीवर जाऊन बसले.

"हे सगळं मी एकट्याच्या हिमतीवर केलं," असं वाक्य आलं. माझी बोटं थांबली. ह्यांची नजर फोनवर होती. मी तशीच थांबून राहिले. फोनमधून तेच वाक्य परत आलं. शेवटी तोंड उघडून म्हटलं, "हे तेवढं कळलं नाही."

ह्यांनी फोन बंद केला. "अगं, सोपं तर आहे. कुणाचा वशिला नाही, कुणाची मदत नाही, आपल्या आपण केलं." मग ताटाकडे बघून म्हणाले, "आणि पाकिटातल्या तांदळात काय निवडतेस?"

"काही नाही," मी म्हटलं आणि तांदूळ डब्यात परत ओतले.

सत्कार देवळापुढच्या मांडवात होता. आम्ही बायका मागे बसलो होतो. माझी चुलत जाऊ कानाशी लागली, "जाऊबाई, भावजी लय झ्याक बोलत्यात. घरी बी असंच बोलत्यात का वं?"

पलीकडची मावशी म्हणाली, "घरी कशापायी बोलत्याल? तितं टाळ्या कोण वाजवनार!"

सगळ्या खिदळल्या. मीही हसले. मग हसू आवरलं, कारण ते वाक्य जवळ आलं होतं. पदराचा काठ बोटांत धरून मी उगाच चाळवत होते. वाक्याच्या तोंडाशी बोटं थांबवली. ह्यांनी कागदावरून मान वर करून एकदा बायकांच्या बाजूला पाहिलं. मला वाटलं, आता. ह्यांनी ते वाक्य जसंच्या तसं म्हटलं, घरी फोनपुढे म्हटलं होतं त्याहून सावकाश. टाळ्या पडल्या. जावेने कोपरानं ढोसलं, "वाजवा की वं!" मी वाजवल्या.

परत येताना कामशेत मागे पडल्यावर ह्यांनी विचारलं, "कसं झालं?"

"चांगलं झालं."

"कळलं ना लोकांना?"

"सगळ्यांना कळलं," मी म्हटलं.

"मग झालं तर." ह्यांनी गाडीत जुनी गाणी लावली. घरी येईपर्यंत ती चालू होती. मी हार मांडीवर घेऊन बसले होते. त्यातली सुटलेली फुलं बोटांनी वेगळी करत होते, ते उतरताना माझ्या लक्षात आलं.