अभिप्राय वहीतला अंगठा

आमच्या आंतरराष्ट्रीय सांस्कृतिक संस्थेचं भारतातलं मुख्य कार्यालय तेव्हा वाशीत होतं आणि त्याची प्रमुख मी होते. चित्रपट दाखवला की प्रेक्षकांचे अभिप्राय वहीत लिहून घ्यायचे, हा नियम मीच केला होता. पत्रकं वाटत वाढलेली मी. लोकांचा शब्द कागदावर आलाच पाहिजे, असं मानायचे.

धरणासाठी गाव उठवल्याचा एक परदेशी चित्रपट आम्ही दाखवला. खाडीकाठच्या एका म्हाताऱ्या आगऱ्याला लिहिता येत नव्हतं. तो म्हणाला, "लिव गो बाय, आमी पन जमीन देनार नाय." मी लिहिलं. खाली त्याने हौसेने अंगठा उठवला.

आणीबाणी चालू होती आणि नव्या शहरासाठी सरकार खाडीकाठच्या जमिनी ताब्यात घेत होतं. आठवड्याभराने साध्या कपड्यातला एक पोलीस अधिकारी आला. चहा पिता पिता वही चाळताना तो त्या पानावर थांबला.

"अक्षर सुरेख आहे. कोणाचं?"

"माझं."

"आणि अंगठा?"

त्या म्हाताऱ्याच्या शेजाऱ्याला पोलिसांनी उचललं होतं. तो अजून परतला नव्हता.

"तोही माझाच."

"एवढं शिकून अंगठा, मॅडम?" तो हसला. आमच्याच टेबलावरचा शाईचा पॅड उघडून त्याने माझ्यापुढे सरकवला. "मग आणखी एकदा होऊन जाऊ द्या."

आता मागे हटता येईना. मी अंगठा उठवला. माझ्या ठशाच्या रेषा बारीक, अखंड होत्या. शेजारचा ठसा मिठागरात राबून चिरा पडलेल्या अंगठ्याचा होता.

"वही नेतो," तो म्हणाला आणि शाई वाळावी म्हणून त्याने पानावर हळूच फुंकर घातली.