डेल्फिनचं झाकण

असले अनुभव वाचून हसणाऱ्यांतली मी. लग्नाआधी पुण्यात ग्लू बनवणाऱ्या कंपनीच्या लॅबमध्ये होते, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला कारण असतं असं ठाम मत. तरीही हे लिहितेय...

माझा नवरा मंदार दुबईत अल क्वोज भागातल्या एका वर्कशॉपमध्ये टॉवर्सची मॉडेल्स बनवायचा. घरी मात्र वेड एकच – रशियाच्या झारच्या पाणबुड्या! शारजाच्या आमच्या हॉलमधली शोकेस त्यांच्या मॉडेल्सनीच भरलेली. शेवटची ‘डेल्फिन’, हातभर लांबीची, वर पितळेचं इवलंसं झाकण. खऱ्या डेल्फिनमध्ये म्हणे बुडी मारताना आतली कोंडलेली हवा निघून जावी म्हणून झाकण अगदी शेवटपर्यंत किलकिलं ठेवायचे. त्यापायी ती एकदा बुडालीसुद्धा.

“मग लावायचं ना वेळेवर!” मी चिडवायचे.

“वेळेवर म्हणजे कधी, तेच तर कळत नाही गं,” तो म्हणायचा.

जुलैमध्ये मंदार कामावर असतानाच गेला. हार्ट अटॅक. वय त्रेचाळीस. आमचा आर्यन दहा वर्षांचा. लहान आहे, घाबरेल, म्हणून मी त्याला शेजारच्या नायर आंटींकडे ठेवलं आणि अंत्यविधी उरकला. सगळे म्हणाले, बरं केलंस. आर्यन रडला नाही. एकदाही नाही. शाळा, होमवर्क, “आय ॲम फाइन, आई.” त्याच्या त्या फाइनने माझं काळीज तुटायचं.

आमचा व्हिसा मंदारच्या नावावर, त्यामुळे पुण्याला परतणं आलंच. पॅकिंग करताना डेल्फिनचं ते झाकण हरवेल म्हणून मी सुपरग्लूने चिकटवलं. संध्याकाळी बघते तर उघडं! मी आर्यनवर ओरडले.

“आय डिडन्ट टच इट!”

“खोटं बोलू नकोस!”

दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेल्यावर पुन्हा चिकटवलं. शोकेसला कुलूप घातलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि व्हिसाच्या कामाला गेले. दोन वाजता परतले. कुलूप जसंच्या तसं... आणि झाकण उघडं. ओढून काढलेला ग्लू तुटतो, त्याचे तुकडे राहतात. इथे ग्लूचं अख्खं कडं, कुठेही चीर नाही.

आर्यन शाळेतून आला. दप्तर पाठीवर तसंच. सरळ शोकेसपाशी गेला.

“यू क्लोज्ड इट टू सून, आई.”

“अरे, सामानात हरवलं असतं...”

“नॉट दॅट.” “बाबाला... यू डिडन्ट लेट मी सी हिम.”

आणि तो रडला. चार महिन्यांचं सगळं एकदम. मी त्याला घट्ट धरून म्हणत राहिले, चुकले रे राजा, चुकले. मग त्याने विचारलं, बाबाने कुठला शर्ट घातला होता? डोळे मिटलेले होते का? मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. चहा ठेवायचंही सुचलं नाही.

ग्लू कसा सुटला, हे मला आजही सांगता येत नाही. लॅबमधल्या जुन्या मैत्रिणीलाही नाही. कुणाला कारण माहीत असेल तर जरूर कळवा. मला इतकंच कळतं, की ते झाकण उघडलं नसतं तर माझ्या मुलाने मला हे आयुष्यात कधी बोलून दाखवलं नसतं.