मोठ्या अक्षरांचं अपडेट

आईच्या काचबिंदूचं निदान झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती जपायची. आई रेल्वेच्या तिकीट खिडकीवरून निवृत्त झालेली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि घरी येऊन कॉम्प्युटर लावला.

तिचा एक गेम होता. डोंगरातलं छोटं स्टेशन आणि आपण स्टेशनमास्तर. येणाऱ्या गाडीचं नाव पाटीवर उमटतं, ते वाचून तिला फलाट द्यायचा. बंदुका नाहीत, मारामारी नाही. "नोकरीत नुसती खिडकी बघितली, आता अख्खं स्टेशन माझं हाय," म्हणायची. मी मोर्चातून घसा बसवून घरी यावं, तर ही मला, "सरक गं, पॅसेंजर यायलीय," म्हणून खुर्चीवरून उठवायची.

पण पाटीवरची अक्षरं मुंगीएवढी. आई नाक पडद्याला टेकवून वाचायची.

त्याच सुमाराला गेम बनवणाऱ्यांनी जाहीर केलं की नव्या अपडेटमध्ये अक्षरं हवी तेवढी मोठी करता येतील, तीही काळ्यावर पिवळी. मला वाटलं, हे आपल्यासाठीच केलंय. अपडेट आलंही, पण मोठ्या ऑनलाइन दुकानात. आम्ही गेम घेतलेला तसल्याच एका लहान दुकानातून. तिथे लिहिलं होतं, 'लवकरच'.

सरळ सांगते, हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. नळाला पाणी लवकरच, कंत्राटी सफाई कामगारांचा पगार लवकरच. यावर मी पत्रकं लिहिलीत, चौकात उभं राहून वाटलीत. माल तोच, मोजलेली किंमत तीच, पण लहान दारातून आलेल्याने बाहेर थांबायचं! मी गेम बनवणाऱ्यांकडे तक्रार ठोकली. 'आम्ही ग्राहक आहोत, याचक नाही.' उत्तर अगदी नम्र आलं. प्रत्येक दुकानासाठी गेमची वेगळी प्रत तयार करावी लागते, तपासावी लागते. तुमच्या दुकानात गिऱ्हाईक थोडं, म्हणून ते काम मागून.

"मोठ्या दुकानातून परत घेऊ," मी आईला म्हणाले.

"आणि हे दुकान?"

"आई, ते इंटरनेटवरचं आहे. तिथं कुणी गल्ल्यावर बसलेलं नाही."

"कुणीतरी बसलेलं असतंयच की."

आमच्या घरची ही रीत. भवानी पेठेत कोपऱ्यावर अण्णांचं किराणा दुकान, आम्ही त्यांचं बांधलेलं गिऱ्हाईक. तूरडाळ संपली तर आई मॉलची पायरी चढत नाही. अण्णांचा माल येईपर्यंत पिठलं. आपण सोडलं तर त्यांनी कुणाच्या जिवावर उघडायचं, हे तिचं म्हणणं. तोच नियम तिने कुठल्या देशातलं हेही ठाऊक नसलेल्या दुकानाला लावला.

"अण्णा तुला ओळखतात. ही माणसं ओळखतात का?"

"मी धरून हाय न्हवं त्यांना? आणि माझं स्टेशन तिकडं जातंय का?"

जात नव्हतं. तिकडे सगळं पहिल्यापासून खेळावं लागणार होतं.

"मग झालं तर. येईल की. लई तापू नको."

मी मोठ्या दुकानाचं पान बंद केलं. लहान दुकानं जगली पाहिजेत म्हणून चौकसभेत मीच ओरडते.

महिने उलटले, 'लवकरच' तसंच राहिलं. आई डाळीची चौकशी करावी तशी विचारायची, "आलं का गं?" आधी नावं चुकली, गाड्या भलत्याच फलाटावर जायला लागल्या. मग ती इंजिनाच्या रंगावरून ओळखायची. पुढे रंगही पुसट झाले. एकदा अण्णांनी मला दुकानात थांबवलं. म्हणाले, "ताई, आई काल समोर आल्या, मला ओळखलंच नाय. आवाज दिला तेव्हा हसल्या."

अपडेट आलं एका दुपारी. मी ते टाकलं, अक्षरं होतील तेवढी मोठी केली. एका गाडीच्या नावाने पडदा भरला. स्वयंपाकघराच्या दारातून वाचता यावं इतकं मोठं. आईला हाताला धरून आणलं, खुर्चीत बसवलं. ती ताठ बसली, खिडकीवर बसत असेल तशी.

"झालं का सुरू?"

"झालंय."

"मग गाडी कुटं हाय?"

गाडीचं नाव तिच्या तोंडासमोर होतं. मी तिचा हात धरून पडद्यावरच्या नावावर ठेवला. त्यावरूनच तिला कळलं. ती म्हणाली, "आलं न्हवं शेवटी? मग कळव त्यांना. बाई काय म्हणतीय म्हणून वाट बघत असतील बिचारे."

मी लिहायला बसले. 'निषेध' लिहिलं, पुसलं. आणखी बरंच लिहिलं, तेही पुसलं.

"काय लिहालीस एवढं?"

"काही नाही," मी म्हणाले. 'अपडेट मिळालं' एवढंच ठेवलं आणि पाठवून दिलं.