जवसाच्या तेलातलं रबर

चंद्रभान मेश्राम मिस्त्री कामाला बसला की नागपूरच्या अख्ख्या कमाल चौकाला कळायचं. हातात पाना आणि तोंडात शिव्या. पाना एखादवेळी खाली ठेवील, शिव्या नाही! आणि बोलायचा कोणाशी, तर नटबोल्टांशी. "काहून अडून राहिला गा? तुया बापाचं काही खाल्लं काय मी?" असं गंजक्या बोल्टाला विचारायचा आणि उत्तराची वाट बघितल्यासारखा दोन क्षण थांबायचा. गिऱ्हाइकं पोट धरून हसत. त्यांना हसायला काय जातं? गॅरेजच्या मागच्या खोलीत चुलीपाशी बसलेली त्याची बायको प्रेमिला मात्र दर आरोळीला दचकून हातातलं भांडं घट्ट धरायची.

लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. प्रेमिलाचं हे दुसरं लग्न. पहिल्या घरी, भिवापूरला, ती दोन वर्षं नांदली आणि एके दिवशी तिच्या हातून लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेला. लोणच्याला बुरशी आली. सासूनं बरणी अंगणात आपटली आणि संध्याकाळच्या बसनं पोरीला उमरेडला माहेरी धाडून दिलं. खरं कारण पोर होत नव्हतं हे होतं, पण लोणच्याचं नाव पुढे केलं की चारचौघांत तोंड वर राहतं ना! काय एकेक माणसं असतात. प्रेमिलानं मात्र ते लोणचं खरं धरलं. आपल्या हातून वस्तू बिघडतात आणि बिघडल्या की आपल्याला धाडून देतात, हे तिच्या मनात पक्कं बसलं. चंद्रभानच्या घरात ती पाण्याचा पितळी गुंडसुद्धा दोन्ही हातांनी, श्वास रोखून उचलायची.

शहात्तरचा उन्हाळा. रामटेककडच्या खेड्यांत गुरांना सुया टोचत फिरणारे वामनराव डॉक्टर आपली जुनी विलायती बीएसए घेऊन आले. गाडी धापा टाकत होती. चंद्रभाननं कार्बोरेटर उतरवला आणि त्याच्यामागचं रबर हलक्या हातानं सोडवलं. हे रबर म्हणजे मनगटाएवढी जाड, आखूड नळी. मागच्या डब्यात हवा गाळली जाते आणि या नळीतून कार्बोरेटरात येते. नळी नसली तर नागपूरची सगळी धूळ थेट इंजिनच्या पोटात. रबर धड होतं, नुसतं कडक झालं होतं. चंद्रभान ते घेऊन आत आला आणि प्रेमिलाच्या ओंजळीत ठेवलं.

"याले जपजो वं," तो म्हणाला. "हे आता कुठंच भेटत नाही. कंपनीच बंद पडली."

झालं! नवऱ्यानं पहिल्यांदा काहीतरी आपल्या भरवशावर सोपवलं म्हणून प्रेमिला नुसती फुलून गेली. ती विणकराची लेक. उमरेडच्या घरी हातमागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला टोला देणारा चामड्याचा ठोकळा असतो, तो कडक झाला की तिचा बाप त्याला तेलात मुरवत ठेवायचा. मग तो मऊ पडतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. हे रबरही कडक झालं होतं. तिनं एक जुनं टमरेल घेतलं, घरातलं जवसाचं तेल कोमट करून त्यात ओतलं, रबर बुडवलं आणि टमरेल पत्र्यावर उन्हात ठेवलं. नागपूरचं ऊन! तीन दुपारी ते रबर तिथे शिजत राहिलं.

चौथ्या दिवशी चंद्रभाननं रबर मागितलं. तिनं मोठ्या हौसेनं टमरेल आणलं, रबर बाहेर काढलं, आणि बघते तर काय! रबर भिजवलेल्या वाटाण्यासारखं फुगलं होतं. बोट लावलं की चिकटत होतं. कडेचा एक तुकडा तर तिच्या अंगठ्यालाच चिकटून आला.

"अरे बापा!" चंद्रभान रबरावर ओरडला. "हे काय होऊन बसलं गा तुले?"

"मीच टाकलं तेलात," प्रेमिला म्हणाली. "मले वाटलं, मऊ पडल."

आता आपल्यावर फुटेल, आता फुटेल, असं ती मनाशी म्हणत होती. पण चंद्रभान बोललाच नाही. दिवसभर लोखंडाला धारेवर धरणारा माणूस एकदम गप्प! त्यानं ते रबर हातात घेतलं, फिरवून बघितलं, चड्डीला हात पुसले आणि सायकल काढून भर उन्हात निघून गेला.

कुठे गेला असेल? प्रेमिलाला विचारायची गरजच वाटली नाही. भिवापूरच्या सासऱ्यानंही त्या दिवशी असंच न बोलता पायताण घातलं होतं आणि बसची वेळ विचारायला गेला होता. तिनं उगाच रडारड केली नाही. दोन लुगडी, कंगवा, आईनं दिलेली पितळी वाटी एका धडप्यात बांधली. चूल सारवली. मग भाकरी टोपलीत झाकून ठेवली, कारण माणूस उन्हातून येईल तर उपाशी कशाला राहावं? आणि गाठोड्यापाशी बसून राहिली. या घरात तिला करमलं होतं हो. त्याच्या आरडाओरड्यातसुद्धा करमलं होतं, हे तिला त्या दुपारी कळलं.

सायकल भिंतीवर आपटली.

"प्रेमिला! पानी ठेव चुलीवर! चांगलं कढत पाह्यजे!"

ती चपापली. बाहेर डोकावली तर चंद्रभान घामानं निथळत होता, हातात ट्रकच्या रेडिएटरची जुनी रबरी नळी. इतवारीतल्या भंगारवाल्यांकडे सारी दुपार हिंडून आणलेली. तिनं मुकाट्यानं पातेलं चढवलं. त्यानं नळी मापून कापली, उकळत्या पाण्यात सोडली आणि मऊ पडताच चिमट्यानं उचलून, साबणाचं पाणी लावून डब्याच्या तोंडावर चढवली. मग कार्बोरेटर दुसऱ्या बाजूनं आत दाबला. शिव्या पुन्हा सुरू झाल्या होत्या. एवढं सगळं बसलं, पण नळी आवळायची मागची पट्टी राहिली. तिथे बोटभर जागा. त्याची जाड बोटं जाईनात, सांध्यांची सालटं निघाली, आणि नळी तर थंड होऊन पुन्हा कडक होत चालली.

"इकडं ये वं. तुया हात बारीक हाय. घाल आत."

"मी?" प्रेमिला दोन पावलं मागे सरली. "नाही बापा. माया हातून बिघडल."

"बिघडलं तं बिघडलं. दुसरं करू."

एवढंच. मान वरही न करता म्हणाला तो. त्याच्या लेखी त्यात विशेष काही नव्हतंच, उभा जन्म बिघडलेलं दुरुस्त करण्यातच गेला होता त्याचा. पण प्रेमिलाच्या डोळ्यांना धारा लागल्या. सव्वीस वर्षांच्या आयुष्यात असं तिला कोणी म्हटलं नव्हतं. ना बापानं, ना भावानं. भिवापूरकरांचं तर नावच नको. तिनं पदर खोचला, तशाच भरल्या डोळ्यांनी हात आत घातला. बघायची गरज नव्हती. मागावर ताण्याच्या उभ्या धाग्यांखाली हात घालून तुटलेल्या धाग्याचं टोक हुडकायचं आणि गाठ मारायची, हे तिच्या बोटांना लहानपणापासून ठाऊक होतं. पट्टी सापडली. तिनं ती नळीवर सरकवली, स्क्रू बोटानं धरला आणि चंद्रभाननं बाजूनं लांब पेचकस लावून आवळला.

गाडी दुसऱ्या लाथेला सुरू झाली. चंद्रभाननं बिडी पेटवून जोडावर धूर सोडला. फट असती तर गाडीनं धूर आत ओढला असता. धूर तिथेच तरंगत राहिला.

"हाय ना पोरगी!" तो गाडीला म्हणाला की प्रेमिलाला, देव जाणे.

मग तो हात धुवायला आत गेला आणि तिथेच थबकला. गाठोडं उंबऱ्याशी तसंच होतं.

"कुठं जाऊन राहिली?"

"उमरेडले."

"काहून?"

"तुमी धाडूनच देता ना आता." ती खाली बघत म्हणाली. "बोलले नाही काही. तसेच गेले."

"अवं, मी इचार करून राहिलो होतो, कोन्या टरकाची नळी बसल म्हून! तोंडानं बोललो असतो तं माप डोक्यातून गेलं असतं." आणि तो मटकन उंबऱ्यावर बसला. काळेकुट्ट हात गुडघ्यांवर तसेच. नटबोल्टांना इतकं ऐकवणारा माणूस, आता जमिनीकडे बघत बोलायला लागला.

"मायी माय म्हने, तुया तोंडापाई तुयाजवळ कोनी टिकनार नाही." त्याचा आवाज इतका खाली आला की प्रेमिलाला पुढे वाकावं लागलं. "मले रोज भेव वाटते. दुपारी ठोकाठोकी थांबवतो ना मी मधातच, ते कायले? तुयी बांगडी वाजते का नाही, ते ऐकाले. वाजली का मंग काम करतो."

प्रेमिलानं पातेल्यातलं उरलेलं कढत पाणी तांब्यात घेतलं, त्यात गार पाणी मिसळलं आणि त्याच्या समोर उकिडवी बसली. त्याचे हात तिनं आपल्या हातात घेतले आणि साबणानं एकेक बोट चोळून धुवायला लागली. सालटं निघालेल्या जागी हळू.

"आता थांबत नका जाऊ," ती म्हणाली. "काम करत जा बिनघोर. मी हावो इथंच."